ज्याचा नवस त्यानं हाकावं

अकोला,
२० ऑक्टोबर २०२४

ती. संध्याताईंना,
दामिनीचा नमस्कार.

पत्र पाहून दचकाल. फोनच्या काळात भावजयीला कागद कुठून सुचला, असं म्हणाल. पण तुमच्या सावरढाण्यात रेंज नाही. महिन्याच्या मीटिंगला चिखलदऱ्याला उतरलात की तुम्ही फोन करता, आणि आमच्याकडे तो स्पीकरवर लावून टीपॉयवर ठेवतात. आई, तुमचा भाऊ आणि आमची आचल तिघं एकदम बोलतात, मी आत पोह्यांना फोडणी देते. म्हणून हे पत्र.

बातमी अशी की तुमच्या भावाने दसऱ्याला जीप आणली. लष्कराच्या लिलावातली, चारही चाकांनी ओढणारी. माझ्याच वयाची असेल, पण कुरकुर माझ्यापेक्षा जास्त. गेला आठवडाभर ती खुशालराव मिस्त्रींच्या गॅरेजात आहे आणि हेही तिथेच आहेत. हरभऱ्याच्या बियाण्याचे दिवस, दुकानात गिऱ्हाईक येतं, आणि हे त्याला लो गियर म्हणजे काय ते समजावून सांगतात. स्प्रिंगचे पाटे बदलले, ब्रेकचे लायनर नवे टाकले, जाड नक्षीचे टायर घातले. टोचन करायला तारेचा दोर, दोन जॅक, फावडं, चिखलात चाकाखाली घालायला फळ्या. लग्नात माझ्यासाठी एवढी खरेदी झाली नव्हती.

मार्गशीर्ष पौर्णिमेला टेंबराच्या देवाला जायचं ठरलं आहे. उन्हाळ्यात यांना ऊन लागलं होतं ना, तेव्हा आईंनी नवस बोलला होता. तुमच्या घराण्याची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. ज्याच्यासाठी नवस, त्यानंच गाडी हाकत घरच्यांना देवाच्या पायरीपर्यंत न्यायचं. आता बैल नाहीत, म्हणून जीप.

तुमच्या गावापासून देवापर्यंतचा रस्ता कसा आहे, ताई? दरीच्या बाजूला कठडा आहे का? मध्येच गाडी थांबवावी लागली तर जागा आहे का? आणि पावसात तो रस्ता वाहून जातो असं ऐकलं, ते खरं का? यंदा गेला असेल तर यांना तसं कळवाल का? माझं नाव नका घेऊ.

तुमची,
दामिनी


सावरढाणा,
२९ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. दामिनीस अनेक आशीर्वाद.

ताकाला येऊन भांडं कशाला लपवतेस? लिही की सरळ, ताई, मला तुमच्याकडे यायचं नाही म्हणून.

रस्ता वाहून गेलेला नाही. गेला असता तरी मी स्वतः टोपल्यांनी भरून घेतला असता. नऊ वर्षं झाली मला या उपकेंद्रात. बायकांची बाळंतपणं करते, पोरांना लशी टोचते, संध्याकाळी दार लावून एकटी जेवते. या नऊ वर्षांत अकोल्याहून इथं कोण आलं सांग बरं. माहेरच्या लग्नाला तू भर मे महिन्यात टपावर सामान बांधून गेलीस. माझ्याकडे यायचं म्हटलं की तुला कठडे आठवतात.

तरी विचारलंस म्हणून खरं सांगते. माझ्या दारापासून देवापर्यंत पाच किलोमीटर कच्चा रस्ता. डावीकडे डोंगर, उजवीकडे खोल. कठडा कसला, चुना लावलेले दगड मांडले होते, त्यातले निम्मे खाली गेले. समोरून गाडी आली तर एकाला मागं जावं लागतं. चढायचं काही विशेष नाही, उतरताना पाय ब्रेकवर आणि लक्ष रस्त्यावर हवं. आमच्या गावचे जीपवाले रोज जातात.

आणि बाबांची गंमत तुला कुणी सांगितली की नाही? मी तिसरीत होते, कुलदीप आईच्या मांडीवर. तेव्हा आपलं घर परतवाड्याजवळ होतं. बाबा विषमज्वरातून उठले आणि नवस फेडायला निघाले. अंगात त्राण नव्हतं. वरच्या वळणावर कासरा हातात धरूनच त्यांना झोप लागली. बैल आपले चालले होते, वळण आल्यावर थांबले. आई म्हणाली, "सूर्यभानराव, देव इकडंच येऊन राह्यला काय?" आम्ही किती हसलो होतो!

तर या. मी वांगी लावली आहेत. रोडगे करू, अंगणात गोवऱ्या पेटवू. कुलदीपला सांग, आचलसाठी जाड स्वेटर घे. आणि भिऊ नकोस, तुझा नवरा लहानपणापासून गाड्यांचा वेडा आहे.

तुझी,
संध्याताई


अकोला,
८ नोव्हेंबर २०२४

ती. ताई,

तुमचं पत्र वाचून आधी रडू आलं, मग राग आला. मी तुमच्याकडे यायचं टाळते असं तुम्हाला वाटलं. वाटणारच. अर्धं सांगितलं की असंच होतं. आता पूर्ण सांगते. मी सांगितलं हे यांना कळलं तर घरात काय होईल ते मला माहीत नाही, पण न सांगता राहिले तर मला वेड लागेल.

ऊन लागलं नव्हतं, ताई. मे महिन्यात दुकानात पोत्यांच्या थप्पीजवळ हे उभ्याउभ्या पडले. डोळे फिरले, दात बसले, हातपाय ताठ. कुणी कांदा नाकाला लावला, कुणी चप्पल. शुद्धीवर आल्यावर म्हणाले, "गर्दी कावून केली रे?" मोठ्या डॉक्टरांकडे आम्ही दोघंच गेलो. मेंदूचे फोटो काढले, तारा लावून तपासलं. ते म्हणाले, फिटचा आजार आहे, गोळीनं ताब्यात राहतो, गोळी एक दिवसही चुकवायची नाही आणि मी सांगेपर्यंत गाडी चालवायची नाही. बाहेर जिन्यात येऊन यांनी माझा हात धरला. "आईले ऊन सांग. ताईले तं काईच सांगू नको, ते नर्स हाय, गोयांचा डबाच घेऊन येईन. लोक मिरगीवाला म्हणतीन. उद्या आचलले कोन करीन?" मी कबूल झाले. पोरगी आठ वर्षांची आहे आणि आम्ही तिच्या लग्नाला घाबरलो.

गोळ्यांनी चांगलं चाललं होतं. पण श्रावणात आईंच्या हाताला डबी लागली. कसल्या गोळ्या विचारलं, तर हे म्हणाले, ताकदीच्या. तेव्हा आई म्हणाल्या, "नवस फेडाले जातं आन् दवा खातं? देवाले काय सांगशीन? तुह्यावर भरवसा नव्हता म्हून गोया खाल्ल्या?" घट बसले त्या दिवसापासून यांनी गोळी बंद केली.

मी पाया पडले, भांडले, अबोला धरला. हे म्हणतात, "पाय, मले काई होऊन राह्यलं काय?" होतंय, ताई. पडत नाहीत, पण जेवताना घास हातात थांबतो. नजर भिंतीवर, ओठ चावल्यासारखे हलतात, हाक मारली तर ओ नाही. थोड्या वेळानं घास तोंडात जातो आणि विचारतात, "काय म्हणत होती?" आचलला वाटतं, पप्पा गंमत करतात.

तुमच्या त्या पाच किलोमीटरवर असा घास थांबला तर?

हे दिवसभर जीपखाली आडवे असतात. एक नट सैल दिसला तर खुशालरावांना झोपू देत नाहीत. गाडीचं सगळं तपासून झालं. हाकणाऱ्याचं तपासायला हे तयार नाहीत. मला भीती वाटते. भाजी चिरताना वाटते, आचलची वेणी घालताना वाटते. वेणी घालताना तर जास्तच.

दामिनी


सावरढाणा,
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय दामिनी,

वड्याचं तेल मी वांग्यावर काढलं. मला एकटं वाटत होतं, त्याचं बोलणं तुला ऐकवलं. माफ कर.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी दुपारच्या बसनं चिखलदऱ्याला गेले आणि फोन लावला. आईनं उचलला, स्पीकरवर टाकला. मी कुलदीपला विचारलं, तब्येत कशी आहे? म्हणाला, "ठणठणीत! तू रोडग्याचं पीठ काढून ठेव." मागून आई म्हणाली, "देवाची किरपा हाय बाई." त्या आवाजांपुढे मला एक शब्द बोलता आला नाही. बोलले असते तर तो तुझ्यावर उलटला असता. मी एवढ्या बायकांच्या सासवांशी भांडते, स्वतःच्या आईपुढं मात्र तोंडाला कुलूप लागलं. परत येताना बसमध्ये मला माझीच लाज वाटली.

आता नीट वाच. घास थांबतो ना, तीही फिटच. पडला नाही म्हणजे बरा आहे असं नाही. अशा वेळी माणूस चालत राहतो, हात हलत राहतात, पाय दाबलेला असेल तर दाबलेलाच राहतो. फक्त तो तिथं नसतो. गोळी एकदम सोडली की आजार जास्त जोरानं उठतो. त्याला परत त्याच डॉक्टरांकडे ने. झटका आला तर कांदा नाही, चप्पल नाही, तोंडात चमचा तर नाहीच. कुशीवर वळव, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेव. आणि आचलला त्या गाडीत बसू देऊ नकोस. अंगणात उभ्या गाडीतही नको.

बाबांची गोष्ट मी तुला हसत लिहिली होती. काल तोच रस्ता चढून त्या वळणावर जाऊन उभी राहिले. तिथं आमचं सगळं कुटुंब बैलांनी वाचवलं, देवानं की बैलांनी ते आईला विचार. बैलाला स्वतःचा जीव असतो, त्याला दरी दिसते. ही रीत बैलांच्या भरवशावर चालत आली आणि आपण त्यातून बैलच काढून टाकले. जीपला काय दिसतं? ती दाबली की जाते.

कुलदीपला वेगळं पत्र टाकते आहे. तुझं नाव घेत नाही. फोनवर तुझी जीभ अडखळली, मी नर्स आहे, मला कळतं, असं लिहिते. खोटंच, पण चालेल. मी स्वतः आले असते, पण एका पोरीला जुळं आहे, दिवस भरत आलेत, आणि पाठीमागं दुसरं कुणी नाही. ती मोकळी झाली की पहिल्या बसनं निघते.

संध्याताई


अकोला,
३० नोव्हेंबर २०२४

ती. ताई,

तुमचं पत्र यांना मिळालं. दुकानात उभ्यानं वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. संध्याकाळी सदरा धुवायला टाकताना मी खिसा चाचपला, तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी खुशालरावांना सांगून जीपला सगळ्या सीटवर पट्टे लावून घेतले आणि वरून लोखंडी कमान बसवली, गाडी उलटली तरी माणसं चेंगरू नयेत म्हणून. ताई, उलटण्याचा विचार मनात आल्याशिवाय कुणी कमान बसवतं का? ज्याला कमान सुचते, त्याला गोळी कशी सुचत नाही?

मी हिंमत करून आईंना खरं सांगितलं. आजाराचं नाव घेतलं. त्या जवस निवडत होत्या. हात थांबला नाही. म्हणाल्या, "आमच्या घरात असं कोनाले झालं नाई. तुह्या मायरी असन." मी म्हटलं, आई, आचल गाडीत असणार आहे. तर म्हणाल्या, "म्हून तं देवाले चाललो. उलटं बोलू नको, दामिनी, देव आयकते." पण मग त्या जागच्या उठल्या, देवघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. घाबरल्या आहेत त्या. माझ्याइतक्याच घाबरल्या आहेत. फक्त मी डॉक्टरकडे धावते आणि त्या देवाकडे, आणि मधल्या मध्ये हे जीपखाली.

मी यांना म्हटलं, ड्रायव्हर घेऊ, तुम्ही शेजारी बसा. म्हणाले, "मंग नवस फिटत नाई." मी म्हटलं, मी शिकते, मी चालवते. तर हसले. ते हसणं बरं नव्हतं.

गाडी तयार आहे. आता दर्यापूर रस्त्याला एक फेरी मारून बघायची राहिली आहे, असं म्हणतात. त्या पोरीचं जुळं अजून झालं नाही का हो? लवकर होऊ दे, आणि तुम्ही या.

दामिनी


अकोला,
५ डिसेंबर २०२४

ती. ताई,

घाईत चार ओळी लिहिते, पण आज हात हलका आहे.

काल मी बाजारात गेले होते. तेवढ्यात हे आचलला घेऊन जीप पळवून बघायला गेले. घरी येऊन पाहते तर पोरगी नाही. आई म्हणाल्या, "बापासंगं गेली, परकं हाय काय?" माझ्या हातातली पिशवी तिथंच पडली. मी फाटकाशी उभी राहिले ते हलले नाही. दिवस मावळायला दोघं चालत आले! पायाला चिखल, कपड्यांना तुरीची फुलं चिकटलेली. क्लचप्लेट गेली म्हणाले, गाडी शेतातच सोडली.

मी तिथंच हात जोडले. तुमच्या टेंबराच्या देवालाच जोडले असतील. जुन्या गाडीची क्लचप्लेट सहजी मिळत नाही, खुशालराव मागे म्हणाले होते. पौर्णिमेपर्यंत मिळाली नाही तर जाणं आपोआप रद्द. कुणाचा अपमान नाही, कुणाला मिरगीवाला म्हणायला नको, आईंचा देवही रागवायला नको. दोष गाडीचा.

हे जेवले नाहीत. गाडीवर एवढा जीव लावला, वाईट वाटत असेल. आचल मात्र भलतीच खुशीत आहे. बापलेकींनी शेतात काहीतरी खेळ केला म्हणे. मला सांगत नाही, गुपित आहे म्हणते.

आज किती दिवसांनी पोटभर जेवले.

दामिनी


अकोला,
५ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
कुलदीपचा नमस्कार.

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही. वाचून दुकानामागं जाळून टाकलं. दामिनीनं तुला सांगितलं हे मी लगेच ओळखलं. तुला खोटं लिहिता येत नाही. तिच्यावर राग नाही.

दामिनीला क्लचप्लेट गेली असं सांगितलं आहे. क्लचप्लेट ठीक आहे. जीपमध्ये काहीच बिघाड नाही. खुशालरावांनी आणि मी ती अशी केली आहे की आता तिला कुठंही न्यावं.

काल आचल मागं लागली म्हणून तिला पुढं बसवलं. पट्टा मीच बांधला. दर्यापूर रस्ता सोडून शेतांमधल्या पांदणीला लागलो, लो गियर टाकला. पांदणीच्या तोंडाशी एक बाई डोक्यावर पऱ्हाटीचा भारा घेऊन उभी होती, तिला जागा द्यायला हॉर्न वाजवला. इथपर्यंत आठवतं.

त्यानंतर मी तुरीच्या शेतात होतो. इंजिन चालू होतं. पुढं बांधाला चाक टेकलं होतं म्हणून गाडी जागच्या जागी गुरगुरत होती आणि माझा पाय दाबलेलाच होता. बोनेटवर सगळी तूर वाकलेली. आचल टाळ्या वाजवत होती. म्हणाली, "पप्पा, अजून एक डाव!" मी विचारलं, काय झालं गं? तर म्हणाली, "मी हाका मारल्या, तुमी बोललेच नाई. तोंडानं असं असं करून राह्यले होते. मंग मी बी नाई बोलली. जो बोलीन तो हरला."

मी खाली उतरलो. पांदणीपासून शेतात चाकोरी सरळ आली होती, एक वाकण नाही. मधे विहीर आहे, ताई. जमिनीबरोबरची, बिनकठड्याची. आचलच्या बाजूचं चाक तिच्या कडेवरून गेलं होतं. कडेची माती आत ढासळली होती, ताजी. मी वाकून पाहिलं, खाली पाण्यावर तुरीची पानं तरंगत होती.

तिनंच माझं बोट धरलं आणि आम्ही चालत आलो. वाटेत मी तिला सांगितलं, आईला सांगू नको, आपलं गुपित. आठ वर्षांच्या पोरीला मी हे शिकवलं.

पंधराला आम्ही येत नाही. या पाकिटात जीपची किल्ली आहे. दुसरी नाही. घरात ठेवली तर आई पौर्णिमेला हळदकुंकू लावून ती माझ्या हातात देईल आणि मी घेईन, मला माहीत आहे. तिला नाही म्हणायला मला अजून येत नाही. तू ये आणि तिला सांग. दामिनीलाही तूच सांग. मला तोंड नाही. ती काल हात जोडून उभी होती, आज पोटभर जेवली, आणि मी समोर बसून बघत होतो. उद्या दुकान उघडायच्या आधी डॉक्टरांकडे जातो, एकटा, पायी.

ताई, मले भेव लागून राह्यलं. मे महिन्यापासून लागून राह्यलं. कोनाले म्हटलं नाई. गाडीखाली झोपलो का बरं वाटे, तिथं सारं हातात होतं, एकएक नट हातात होता. आता डोये मिटले का थे विहीर दिसते, आन् उघडले का आचल दिसते. थे सकायपासून मांगंच लागली हाय. म्हणते, पप्पा, थो खेळ पुन्हा कवा खेळाचा?

तुझा,
कुलदीप